सोमवारी उकळलेली जर्सी

आमच्या घरात बाहेरून आलेला कोणताही कपडा उकळल्याशिवाय आतल्या दोरीवर चढत नसे. हा आईचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. पाहुण्यांचे टॉवेल, मामाचा रुमाल, शाळेतल्या स्नेहसंमेलनासाठी कुणाकडून मागून आणलेला परकर, सगळं सोमवारी सकाळी अंगणातल्या चुलीवर मोठ्या पितळी गुंडात, म्हणजे हंड्यात, सोड्याच्या पाण्यात जाई. तासभर खदखदल्यावर ते विहिरीजवळच्या दगडावर मोगरीने बडवलं जाई आणि मग निळीतून निघून उन्हात जाई. आमच्या गावी, सिंदीत, कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या यंत्रांची घरघर दिवसभर कानात राहायची आणि हवेत उडणारं तूस केसांवर, दारांच्या कड्यांवर, झाकून ठेवलेल्या दुधावरसुद्धा बसायचं. आईला त्या तुसाचा संशय होता. घरातला प्रत्येक खोकला तिथूनच येतो असं तिचं ठाम मत होतं. बाबा त्याच जिनिंगमध्ये रुई पारखायला होते. चिमटीत पुंजका धरून दोन्ही हातांनी हलकेच ओढायचे आणि धाग्याची लांबी बघून प्रत सांगायचे. अशा घराला कापूस इतका कळत होता की जगात दुसऱ्या कशाचं कापड असतं, हे आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. पुढचं सगळं घडलं ते या एका अज्ञानातून.

अन्वय, हे लिहायला बसले ते तुझ्यामुळे. मागे व्हिडिओवर तू सांगितलंस की तिकडे मेलबर्नला तुमच्या रविवारच्या सायकल मंडळींनी तुला मोज्यांच्या उंचीवरून सुनावलं, आणि आता तू कुठलीशी महागाची जर्सी मागवली आहेस. तू हसून सांगत होतास, पण मी तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं आहे, हसून सांगितलेलं किती खरं असतं ते मला ओळखता येतं. तुझी बहीण रेवा मागून ओरडली, "आजी, याला समजाव!" समजावण्याचं वय तुझंही राहिलं नाही आणि माझंही नाही. म्हणून त्या एका हिवाळ्याचं नीट, क्रमाने लिहून ठेवते.

माझा मोठा भाऊ विनायक, म्हणजे तुमचे विनूआजोबा, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मी चौदा वर्षांची होते. गावातल्या दहा-बारा पोरांनी सायकलींचं एक मंडळ काढलं होतं. दर रविवारी पहाटे ते रेल्वे फाटकाजवळ जमत आणि सेलूवरून हिंगणी, तिथून बोरधरणापर्यंत जाऊन दहाच्या सुमाराला परत येत. मंडळाचे कप्तान शरदभाऊ, जिनिंगच्या मालकांचे धाकटे चिरंजीव. गावात वाकड्या हँडलची एकच सायकल होती आणि ती त्यांची होती. तिला सायकल म्हटलेलं त्यांना चालत नसे, 'मशीन' म्हणायचं. ज्याच्या सायकलला कॅरियर आहे त्याने पुढच्या रांगेत यायचं नाही. मोजे पांढरेच आणि पोटरीच्या मध्यावर संपणारे. वाटेत कुणाच्या बैलगाडीला धरून चढ चढला तर तो महिनाभर मागे. हे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले की लगेच कळायचे, कारण सगळे एकदम हसायचे.

आणि शरदभाऊंकडे ती जर्सी होती. गडद निळी, छातीवर पिवळा पट्टा, गळ्याशी तीन बटणं आणि पाठीमागे कमरेवर ओळीने तीन खिसे. पाठीला खिसे असलेला कपडा गावाने प्रथमच पाहिला होता. चहाच्या टपरीवर कुणी 'बंडी' म्हणालं की ते थांबवत, "बंडी नाई बे, जर्सी म्हण. इटलीची हाय." मग मान वाकवून कॉलर उलटी करत आणि आतलं रेशमी लेबल दाखवत. बैलबाजारात दात बघायला जबडा उघडून दाखवतात ना, अगदी तसं. मला एकदा त्यांनी वाचायला लावलं होतं. मी 'मेड इन इटली' असं मोठ्याने वाचलं, आणि ते म्हणाले, "पोट्टी हुशार हाय विन्याची." मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं.

दादाकडे बाबांची काळी सायकल होती. तिचा कॅरियर आणि चेनकव्हर त्याने काढून ठेवलं होतं. शरदभाऊंच्या अर्ध्या पँटीत बसायच्या जागी आतून मऊ चामडं शिवलेलं आहे, ही बातमी त्याने घरी आणली. आईने चामड्याचं नाव ऐकूनच नाक मुरडलं. पण पोराचे हाल होतात म्हणून तिने त्याला जाड खाकी कापडाची पँट शिवली, बसायच्या जागी बाबांनी निवडून दिलेली लांब धाग्याची रुई भरली आणि गादीला घालतात तसे वरून दोरे टाकले. सेलूपर्यंत ती उत्तम चालली. हिंगणी येईपर्यंत सगळी रुई घामाने गोळा होऊन एका बाजूला गेली आणि दादा तिरपा बसून धरणावर पोचला. शरदभाऊंनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काय बे विन्या, गादी त आणली, लोड कुठं हाय?" त्या दिवसापासून तो मंडळात 'गादीवाला' झाला. घरी येऊन त्याने पँट फेकली आणि जेवला नाही. आईने झुणका-भाकरीचं ताट झाकून ठेवलं आणि मला हळूच म्हणाली, "धरणाच्या चढावर पहिला कोण पोचला होता, विचार त त्याले." मी विचारलं. पहिला तोच पोचला होता. पण शरदभाऊ म्हणाले होते, हवा मागून होती.

नागपूरला एक शर्यत होणार होती आणि मंडळातून चौघांना जायचं होतं. चौघं कोण, ते शरदभाऊ ठरवणार होते. दादा झोपेतसुद्धा पाय हलवायचा. त्याच्या आयुष्यात त्यानंतर परीक्षा, नोकरी, लग्न सगळं आलं, पण त्या चार नावांसाठी तो जितका तळमळला तितका पुन्हा कशासाठी तळमळलेला मी पाहिला नाही.

नावं जाहीर व्हायच्या आधीच्या रविवारी मंडळ परतताना आमच्याकडे थांबलं, कारण फाटकाला आमचंच घर जवळ. आईने सगळ्यांना तर्री-पोहे केले, वर बारीक चिरलेला सांबार घातला. (रेवा, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, तुला हे शंभरदा सांगितलं आहे.) थंडी होती तरी शरदभाऊ घामाने ओले झाले होते. विहिरीजवळ जाऊन त्यांनी जर्सी काढली, पिशवीतला स्वेटर घातला, दोन बशा पोहे खाल्ले, "काकू, तर्री एकदम झकास" म्हणाले आणि गप्पा मारत निघून गेले. जर्सी अंगणातल्या दोरीवर राहिली. आईच्या लेखी तो बाहेरून आलेला कपडा होता, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

सकाळी मी चुलीत काड्या सारत होते. आईने मोगरीच्या टोकावर जे वर काढलं, ते आटून गोळा झालेलं होतं. मग आईला वाटलं की दगडावर बडवलं तर मोकळं होईल, म्हणून तिने ते बडवलं. बडवल्यावर ते आणखी लहान झालं. कापूस आटला तर बोटभर आटतो. हे वीतभर आटलं होतं, जाडजूड, नमद्यासारखं घट्ट. पिवळा पट्टा आईच्या दीड वितीत मावत होता. "हे काय झालं वो माय!" आई म्हणाली आणि खालीच बसली. तिच्या हातून कपडा बिघडल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कापड आटलं, पण गळ्यातलं रेशमी लेबल काही आटलं नव्हतं. ते फुगून बेडकासारखं वर आलं होतं. आईला असं वाकडंतिकडं काही बघवत नसे. निदान तेवढं तरी सरळ करावं म्हणून तिने सुईने त्याचे टाके उसवायला घेतले आणि मध्येच थांबली. "सुमे, हे हातानं घातलेले टाके हायेत. आणि दोरा आपल्या रिळाचा, सुती." लेबल निघालं. त्याच्या खाली बोटाएवढी पांढरी पट्टी होती, मशीनने पक्की शिवलेली. आई म्हणाली, "वाच." मी वाचलं. लुधियाना, आणि खाली मापाचा आकडा.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी कपड्याची कड चाचपली, एक धागा ओढून काढला आणि काडी ओढून त्याला लावली. केस जळल्यासारखा वास आला. "लोकर हाय. चांगली हाय," ते म्हणाले. मग लेबल उलटसुलट करून बघितलं. "लोकर खरी, लेबल खोटं." एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. शरदभाऊंच्या वडिलांचा पगार घेणाऱ्या माणसाने यावर आणखी काय बोलावं!

दादाचा चेहरा पांढरा पडला. लेबलाचं त्याला काहीच वाटलं नाही, तो रविवारचं मोजत होता. "आई, रविवारपर्यंत गप्प राह्य. रविवारी नावं सांगून राह्यले."

"आणि त्यायनं विचारलं त?"

"विचारलं त सांग. नाई विचारलं त नको सांगू."

आईने जर्सी घडी करून गोधड्यांच्या खाली पेटीत ठेवली आणि लेबल आपल्या शिवणाच्या डब्यात. त्या आठवड्यात आमच्या घरात दार वाजलं की चौघंही एकमेकांकडे बघायचो. आणि विचारायला कुणी आलंच नाही. मंगळवारी आली ती यमुनाबाई.

यमुनाबाई गावातल्या सात-आठ घरांचे कपडे धुवायला न्यायची. आमच्याकडे तिचं काम नव्हतं, पण जाता-येता ओट्यावर टेकून पाणी प्यायची. त्या दिवशी तिने पाणी मागितलं आणि तांब्या हातात तसाच धरून ठेवला. शरदभाऊंना वाटत होतं की जर्सी त्यांनी पिशवीत टाकली, आणि पिशवीतले कपडे रविवारी दुपारी यमुनाबाई घेऊन गेली. "मालकीणबाई म्हंते, बंडी आणून दे, नाई त घरात पाय ठेवू नको. मी म्हनलं, बाई, मले आठ कपडे देल्ले, मी आठच आणले. पण माह्या मोजण्याले कोण इचारते?"

"पण तुझी खूण असते ना कपड्याले?" आईने विचारलं. यमुनाबाई प्रत्येक कपड्याच्या कडेला बिब्ब्याने खूण करायची, घराघराची वेगळी. ती धुण्याने जात नसे.

"सगळ्याईले करतो ना वो. पण त्या बंडीले त्यायनं करू नाई देल्ली. विलायती कपड्याले डाग लावते का, म्हने. आता खूण नाई, त मी कायनं सांगू का ते माह्याकडं आलीच नाई?"

आई आत गेली आणि दोन धुतलेल्या, घडी केलेल्या चादरी घेऊन बाहेर आली. "ह्या घेऊन जा धुवाले."

यमुनाबाईने चादर नाकाशी नेली, मग आईकडे पाहिलं. "हे त धुतलेली हाय. तुमी त कधी देत नाई कपडे. आजच काऊन?"

आईने तिचा तांब्या उचलून घेतला. यमुनाबाईने चादरी ओट्यावर ठेवल्या आणि निघून गेली. तिला नेमकं काय कळलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण जाताना तिने आमच्या दोरीवरून एक नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुरुवारपर्यंत आणखी तीन घरांनी तिला कपडे देणं बंद केलं. आमच्या घरात ताटातली भाकरी तशीच उरू लागली.

शुक्रवारी घरी कुणी नसताना मी पेटी उघडली. जर्सी अंगात घालून पाहिली. ती मला बसली, अशी बसली की जणू माप घेऊन शिवली होती. आरशात बघताना पहिल्यांदा वाटलं ते हे की, छान दिसते. लाज त्याच्यानंतर वाटली. मुलांनो, चांगला कपडा अंगावर चढला की काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे मी शरदभाऊंना फार नावं ठेवत नाही. शनिवारी यमुनाबाई वाटेत भेटली तेव्हा मी तिला म्हटलं, "उद्या सकाळी फाटकावर येजा." ती म्हणाली, "काऊन?" मी म्हटलं, "येजा फक्त."

रविवारी मी आईची शाल लपेटून दादाच्या मागोमाग निघाले. धुकं होतं. मालगाडी यायची होती म्हणून फाटक बंद होतं आणि मंडळ सायकलींवर एक पाय टेकून उभं होतं. शरदभाऊ स्वेटरवर होते. त्यांनी दोन नावं घेतली. एक स्वतःचं, दुसरं त्यांच्या मामेभावाचं. दादा हँडल इतकं घट्ट धरून होता की त्याच्या बोटांची पेरं पांढरी दिसत होती. तेवढ्यात त्याला मी दिसले. त्याने मानेनेच 'नाही' म्हटलं. मी शाल काढली.

आत ती जर्सी होती. मग मागून एक जण ओरडला, "शरदभाऊ, तुमच्या जर्सीले पिल्लू झालं बे!" आणि सगळे फुटले. ते त्यांचं नेहमीचं हसू होतं, फक्त या वेळी ते कोणावर होतं ते ठरायचं होतं.

"शरदभाऊ, ही आमच्या दोरीवर राहिलती," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "आईनं उकळली. चूक आमची हाय. यमुनाबाईनं नाई घेतली." आणि पाठीमागच्या मधल्या खिशातून ते रेशमी लेबल काढून मी तळहातावर त्यांच्यापुढे धरलं. "हे निघून आलं."

त्यांनी लेबल पाहिलं. मग ते खाली वाकले, एका बोटाने माझी कॉलर उलटी केली आणि वाचलं. त्यांचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. त्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं की धास्ती, याचा मी इतकी वर्षं विचार करते आहे. त्यांनाही कुणीतरी फसवलं होतं, की रिळाचा तो सुती दोरा त्यांच्याच घरातला होता? त्यांनी माझी मूठ लेबलासकट मिटवली आणि सरळ उभे राहिले.

"हे माही नाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माही त घरीच सापडली. नागपूरच्या बॅगेत होती. हे कोणती तरी लोकल बंडी हाय." जर्सीला बंडी म्हणताना त्यांना मी तेव्हाच ऐकलं.

"सापडली?" फाटकाच्या खांबाजवळून आवाज आला. यमुनाबाई डोक्यावरचं रिकामं गाठोड्याचं फडकं हातात घेऊन उभी होती. "कवा सापडली?"

"काल."

"मंग एवढ्या थंडीत घालून काऊन नाई आले?"

"धुवाले टाकली."

"कोणाकडं?"

मालगाडी आली होती. डबे एकामागून एक जात राहिले आणि तेवढा वेळ शरदभाऊंना उत्तर द्यावं लागलं नाही. पण शेवटचा डबा गेला, फाटक वर उठलं, तरी कुणी पायडल मारलं नाही. यमुनाबाईही जागची हलली नव्हती.

"उद्या घरी येजा," ते शेवटी म्हणाले. "आईले सांगतो मी."

"येईन ना. पण बिब्ब्याची खूण करीन. सगळ्याईले." तिने फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "त्या सापडलेल्या बंडीलेही."

या वेळचं हसू कोणावर होतं ते सर्वांना कळलं. शरदभाऊंनी खिशातून कागद काढला, त्याकडे न बघता तिसरं नाव घेतलं, आणि मग माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघत चौथं. विनायक.

यमुनाबाईची घरं तिला परत मिळाली. दादा नागपूरला गेला, साध्या बनियनवर, आणि आमच्या गावच्या चौघांत पहिला आला. आल्यावर त्याने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी विचारलं, "कागदावर माह्यं नाव होतं का वो, सुमे? तू समोर होती." मला कागद दिसला नव्हता. तो त्यांनी घडी न उघडता हातात धरला होता.

तर अन्वय, तुझी जर्सी आली की गळ्याशी बोट घालून टाके तेवढे बघ. एरवी घाल खुशाल. ती निळी जर्सी माझ्या पेटीत डांबरगोळ्यांत आहे, आता रेवाच्या मुलीला होईल. तुमचे विनूआजोबा नागपूरहून अजून फोन करतात, गुडघ्यांची चौकशी करतात, आणि वर्षातून एकदा तरी मध्येच थांबून विचारतात, "खरं सांग, माह्ये पाय होते का ते लेबल?" मी सांगते, पाय. फोन ठेवते. मग शिवणाचा डबा उघडून लेबल जागेवर आहे ना, ते बघते.